दोन रंगराव आणि एक टेम्पो

"टेम्पो कुठाय?" शिरगावकरांनी विचारलं.

"कसला टेम्पो?"

"तुमचा. कर्ज काढून घेतलात, हप्ते थकवलेत, फायनान्स कंपनीनं ओढून नेला, लिलावात विकला. तरी बाकी उरलीच आहे आणि तिच्यावर व्याज चढतंय." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा ना. रंगराव हिंदुराव चौगले. जन्म एक जून. तुम्हीच ना?"

नाव माझं होतं. वडलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. फक्त टेम्पो माझा नव्हता. जन्मात मी एकच गाडी कर्जावर घेतली होती, ती मोटरसायकल, आणि तिचा हप्ता कधी चुकवला नव्हता.

शिरगावकरांचं ऑफिस लक्ष्मीपुरीत, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर. 'खराब क्रेडिट स्कोअर दुरुस्त करून मिळेल' अशी पाटी. जिना चढताना मला लाज वाटली होती. आपलं काहीतरी खराब आहे आणि ते दुरुस्त करायला आपण चाललोय, ही भावना काही चांगली नसते. पण बँकेच्या मॅनेजरनं आदल्याच दिवशी माझी फाइल परत दिली होती. "स्कोअर फार कमी आहे चौगले," एवढंच बोलला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्या फाइलीत माझं सगळं होतं. उद्यमनगरात भूपाल मगदूम म्हणून एक मिस्त्री होते, सगळे त्यांना आण्णा म्हणत. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्यांच्या गाळ्यात टर्नर, लोखंड कातणारा. आण्णांचं लेथ मशीन जुनं, पण हातात बसलेलं. आण्णांना आता मुलाकडे पुण्याला जायचं होतं. "रंगराव, गाळा आणि मशीन तूच घे," ते म्हणाले होते. "परक्याला द्यायला माझा जीव होत न्हाई. पण खंडेनवमीपातूर बँकेचं पत्र आण. दसऱ्याच्या मुहूर्तावर मी मोकळा होणार. शिरोलीचा एकजण रोख घेऊन बसलाय. त्याला बी शब्द दिलाय, तू न्हाई आणलंस तर त्याचं." भाव त्यांनी माझ्यासाठी बराच खाली आणला होता. पण तेवढेही माझ्याकडे नव्हते.

खंडेनवमी शुक्रवारी होती. मी शिरगावकरांकडे बसलो होतो तो बुधवार.

"हे कर्ज माझं न्हाई," मी म्हणालो.

"मग कुणाचं?"

मी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. "दोन्याचं!" मी म्हणालो.

आमच्या गावात चौगल्यांची घरं रग्गड आणि नावं मोजकी. हिंदुराव तर दर गल्लीत. त्यातल्या दोघांनी आपापल्या पोराचं नाव रंगराव ठेवलं आणि दोघं पोरं एकाच वर्षी शाळेत आली. आमच्या जन्माच्या तारखा घरी कुणाला ठाऊक? आई सांगायची, भुईमूग काढायला आला होता तेव्हा झालास. मास्तरांनी सगळ्या वर्गाला लावली तीच एक जून आम्हालाही लावली. निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय, त्यात आम्ही दोघं. हजेरी घेताना मास्तर 'रंगराव एक, रंगराव दोन' म्हणायचे. गावानं त्याचं एक्या आणि दोन्या करून टाकलं. मी एक्या.

शिरगावकरांनी कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. मोटरसायकलचं माझं कर्ज त्याच कंपनीचं. पुढे दोन्या टेम्पोसाठी तिथं गेला. कारकुनानं नाव घातलं, तारीख घातली, गाव घातलं. कॉम्प्युटरनं जुना गिऱ्हाईक म्हणून मला पुढे केलं. बिचाऱ्याला वाटलं, हाच तो. दोन्याचा टेम्पो माझ्या खात्यावर, माझ्या पॅन नंबरवर, माझ्या फोन नंबरवर चढला. आता मला आठवलं, मधे कुणीतरी सारखं फोन करून टेम्पोचा हप्ता मागायचं. हल्लीचे ते फसवाफसवीचे फोन म्हणून मी दोन शिव्या घालून ठेवून द्यायचो.

"दोन रस्ते आहेत," शिरगावकर म्हणाले. "पहिला माझा. पोलिसात तक्रार द्यायची. ह्या इसमानं माझ्या नावाचा गैरफायदा घेऊन कर्ज उचललं. तक्रारीची प्रत दाखवली की मॅनेजर फाइल पुढे सरकवतो. माझी फी अठरा हजार. निम्मी आत्ता."

"पण त्यानं गैरफायदा घेतलेला न्हाई. चूक कंपनीची हाय."

"ते तपासात निघेल की. तोवर तुमचं मशीन आलेलं असेल."

"दुसरा रस्ता?"

त्यांचा चेहरा जरा पडला. "दुसऱ्याला खर्च नाही. तो माणूस लिहून देईल की टेम्पोचं कर्ज माझं आहे, स्वतःची कागदपत्रं देईल, तर कंपनी त्याच दिवशी तुम्हाला पत्र देते. ते पत्र बँकेत दाखवा. पण तुम्हाला वाटतं, तो देईल? फुकट मिळालेली मोकळीक कोण सोडतो?"

मी मॅनेजरला फोन केला. कंपनीचं पत्र आणलं तर लगेच मंजुरी देतो, म्हणाला. शिरगावकरांकडून मी दोन्यानं सही करायचा मजकूर तेवढा लिहून घेतला. त्याचे त्यांनी पाचशे घेतले.

गुरुवारी सकाळीच मी दोन्याला गाठायला गावाकडे, गारगोटीच्या रस्त्याला लागलो. रस्ताभर मी खुशीत होतो. दोन्या काय, आपलाच. शाळेत त्याच्या खोड्यांचा निम्मा मार मी खाल्ला होता. मास्तर 'रंगराव' म्हणून ओरडायचे आणि जो जवळ असेल त्याच्या पाठीत छडी बसायची.

दोन्याच्या घरी पुढच्या सोप्यात सामान मांडलं होतं. नवी बादली, गुंडाळलेली गादी, कुलूप लावायची पत्र्याची पेटी. त्याची पोरगी तेजश्री पेटीवर रंगानं नाव घालत बसली होती. मला बघून उठली, पाणी आणलं.

"कुठं निघालाय कारभार?" मी विचारलं.

"पोरगी कऱ्हाडला चाललीया," दोन्या म्हणाला. एवढा खुशीत मी त्याला कधी बघितला नव्हता. "फिजिओथेरपी. डाक्टरच म्हण की. नंबर लागला यादीत. सोमवारी बँक पैसं सोडत्या, मंगळवारी फी भरायची शेवटची तारीख. चौगल्यांच्यात पयली पोरगी बघ, हॉस्टेलला जाणारी. वंदना, च्या टाक. एक्या आलाय."

चहा येईपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. आधी तो पोट धरून हसला.

"म्हंजे माझा टेम्पो तुझ्या उरावर? लेका, शाळेत माझा मार खाल्लास, आता हप्ते बी तूच खा!"

"हसू नको दोन्या. माझं कर्ज अडलंय."

"अरं पण त्यो विषय कवाच मिटला. गाडी वडून न्हेली न्हवं त्यांनी? गाडी गेली, कर्ज गेलं. त्यानंतर एक फोन न्हाई, कागद न्हाई."

"फोन मला येत होते."

त्याचं हसू जरा उतरलं. मी खिशातला मजकूर काढून पुढे ठेवला. त्यानं तो वाचला, मग पुन्हा वाचला. वहिनी कपबशा घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

"ह्याच्यावर सही केली की काय हुईल?" त्यानं विचारलं.

"टेम्पो तुझ्या नावावर जाईल. जिथला तिथं."

"आणि माझ्या नावावर थकबाकी दिसंल."

"दिसंल की. हायच ती."

"कवा?"

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. त्याच्या मात्र आलं होतं. तो उठून उभा राहिला.

"बँकेतला सायेब म्हटला, चौगले, तुमचं रेकॉर्ड कोरं हाय. एक डाग न्हाई. म्हणून पोरीचं मंजूर झालं. पैसं सोडायच्या दिवशी परत एकदा बघणार हाईत, म्हटला. सोमवारी."

"कोरं हाय, कारण घाण सगळी माझ्या नावावर पडलीया!" माझा आवाज चढला.

"म्हणून थांब म्हणतोय. सोमवार जाऊ दे. मंगळवारी मी सोता येतो कंपनीत तुझ्यासंगं."

"मला उद्या संध्याकाळच्या आत बँकेचं पत्र पायजे. परवा दसरा. आण्णा मशीन दुसऱ्याला देणार."

"मशीन काय, दुसरं मिळंल."

"आणि कॉलेज दुसरं न्हाई मिळत?"

हे मी पोरीच्या देखत बोललो. ती ब्रश हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चार दिसांचा तर प्रश्न हाय." मी म्हणालो, "वहिनी, माझा बी चारच दिसांचा हाय."

"मी न्हाई सही करणार," दोन्या म्हणाला.

मग मला राग आवरला नाही. तीन वर्षं ह्या माणसाचं ओझं मी नकळत वाहिलं होतं. हप्त्याचे फोन मला आले, बँकेच्या दारातून परत मी आलो, आणि हा कोऱ्या कागदाची मिजास मलाच दाखवत होता. "तर मग ऐक," मी म्हणालो. "मला एकानं सांगितलंय, पोलिसात तक्रार दे म्हणून. माझ्या नावावर दोन्यानं कर्ज उचललं म्हणून. ती दिली तर तुझी सही बी लागत न्हाई."

दोन्या माझ्याकडे बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

"मी फसवलं तुला?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"आणि तू तसं लिवून देणार?"

"वेळ आली तर देणार."

तो आत गेला. फळीवरून डबे सरकवल्याचा आवाज आला. प्लॅस्टिकची पिशवी घेऊन तो बाहेर आला आणि ती त्यानं माझ्या मांडीवर टाकली. टेम्पोचे कागद, पॅन कार्डाची झेरॉक्स, आधार, सगळं. मग पोरीकडून पेन मागून घेतलं, मजकुराखाली सही केली आणि तो कागदही माझ्यापुढे ढकलला.

"घे," तो म्हणाला. "तुला पायजे ते सगळं दिलं. आता कवा द्यायचं ते तुझं तू बघ. सोमवार झाल्यावर दिलंस तर..." त्यानं पोरीच्या पेटीकडे बघितलं. "न्हाईतर तुझी मर्जी."

"उद्या सकाळीच देणार," मी म्हणालो. "मला मशीन घ्यायचं हाय."

कपातला चहा तसाच टाकून मी निघालो.

घरी मी शालनला सगळं सांगितलं. शालन म्हणजे माझी बायको. ती आधी पिशवी उघडून सगळे कागद नीट बघून बसली, मग म्हणाली, "उद्या मी बी येतो संगट."

"कशाला?"

"तुमचा भरवसा न्हाई म्हणून."

कंपनीचं ऑफिस उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. तिथला अधिकारी पोरसवदा होता, पण कामाचा. पिशवीतले कागद मागायच्या आधी त्यानं सगळी हकिकत ऐकून घेतली, मूळ फाइल मागवली, फाइलीतला दोन्याचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं. "आमचीच चूक आहे सर," तो सरळ म्हणाला. "त्यांचं कबुलीपत्र आणि पॅन द्या. तासाभरात तुम्हाला पत्र देतो."

शालननं पिशवी माझ्या हातात दिली.

"आणि त्याच्या नावावर कवा चढणार?" मी विचारलं.

"आमच्याकडे लगेच. आजच."

"दुसऱ्या बँकेला कवा दिसतं?"

"ते काही सांगता येत नाही. कधी दोन-तीन दिवसांत दिसतं, कधी महिनासुद्धा लागतो. पण आज नोंद झाली की आमच्या वसुलीवाल्यांचा फोन त्यांना आजच जाईल. आणि समजा दुसऱ्या बँकेनं आमच्याकडे चौकशी केली, तर जे आहे ते सांगावं लागेल." त्यानं हात पुढे केला.

मी पिशवी धरून बसलो. दोन्याची मला दया आली, असं मी म्हणणार नाही. कालचा राग तसाच होता. पण ते 'सांगता येत नाही' माझ्या डोक्यात अडकून बसलं. उभ्या आयुष्यात मी सांगता येत नाही म्हणून कधी टूल लावलं नव्हतं. आधी माप घ्यायचं, मग लोखंडाला हात लावायचा. इथे माप घेता येत नव्हतं, आणि पलीकडे पेटीवर नाव घालणारी पोरगी होती.

"अवो, द्या की," शालन म्हणाली.

"कागद मंगळवारी आणून दिले तर चालतील?" मी त्या अधिकाऱ्याला विचारलं.

"चालतील की. तुमचंच काम आहे. पण तुम्हाला घाई आहे म्हणालात ना?"

"व्हय," मी म्हणालो, आणि उठलो.

जिन्यात शालननं मला गाठलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यानं तुमाला काय दिलंय आजवर?" ती म्हणाली. "एवढं सांगा."

"कायबी न्हाई."

"पोरं आपली बी हाईत. दोन. त्यांच्या नशिबात बाप दुसऱ्याच्या गाळ्यात राबताना बघायचंच का? ती पोरगी पुढल्या साली बी कॉलेजात जाईल. पुढल्या साली आण्णांचं मशीन हाय का? सांगा की!"

"न्हाई."

"मग?"

ती बोलत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी म्हणालो, "शालन, ते वाईट झालं तर मला त्या मशीनवर उभं ऱ्हायला यायचं न्हाई."

"झालं तर! झालंच असं कोण म्हणतंय?"

"न्हाईच हुणार असं तरी कोण म्हणतंय?"

मग माझ्या हातातली पिशवी तिनं ओढली. एक क्षण मला वाटलं, ही आता वर जाऊन स्वतः देणार. जिन्याच्या दोन पायऱ्या ती चढलीही. मी तिला अडवलं नाही. अडवायचा हक्क मला होता, असं वाटलं नाही. ती तिथंच थांबली, कठड्याला टेकून, कितीतरी वेळ. मग खाली उतरली, पिशवी माझ्या छातीवर आपटली आणि एकटीच रिक्षानं घरी गेली.

दुपारी गाळ्यात खंडेनवमीची पूजा होती. मशीन मी आदल्याच दिवशी रॉकेलनं पुसून लख्ख केलं होतं. झेंडूची माळ बांधली, हळदीकुंकू वाहिलं, टूल, मायक्रोमीटर, पाने सगळे पाटावर मांडले. आण्णांनी नारळ वाढवला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं, "पत्र आणलंस?"

"न्हाई आण्णा."

"मिळालं न्हाई का आणलं न्हाईस?"

म्हातारा बेरकी होता. मी म्हणालो, "मंगळवारी मिळंल. चार दिस थांबता?"

आण्णांनी नारळाची वाटी पाटावर ठेवली. "रंगराव," ते म्हणाले, "तुझ्यासाठी मी गणपतीपासनं थांबलोय. शिरोलीवाल्याला सांगितलंय, खंडेनवमीला पत्र न्हाई आलं तर दसऱ्याला तू ये. त्यो उद्या सकाळी येणार. आता त्याला काय सांगू? जीभ एकच हाय माझी."

"न्हाई, बरोबर हाय तुमचं."

"कारण तरी सांग."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आण्णा विरघळले असते, आणि मग शिरोलीवाल्याच्या तोंडावर त्यांचा शब्द खाली पडला असता. एका माणसासाठी मी माझं नुकसान करत होतो तेवढं पुरे होतं. त्यात म्हाताऱ्याला कशाला ओढायचं?

दसऱ्याला शिरोलीवाला आला, पेढे घेऊन. मीही गेलो होतो. त्यानं मशीनला हात लावून नमस्कार केला तेव्हा मी बाहेर येऊन उभा राहिलो. मला रडू आलं. चांगलं दणदणीत आलं. गाळ्यामागं ड्रम ठेवलेले होते, त्यांच्या आडोशाला जाऊन मी रडून घेतलं. मग तोंड धुऊन आत गेलो आणि नव्या मालकाला मशीनचा चक, लोखंड धरतो तो, कसा जरा उजवीकडे खातो ते दाखवलं.

मंगळवारी संध्याकाळी, फीची मुदत संपल्यावर, मी कंपनीत कागद दिले. पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात शिरगावकरांचा फोन आला. "चौगले, स्कोअर बघितलात का? झकास! आता कुठलीही बँक तुम्हाला कर्ज देईल." मी म्हणालो, "कशासाठी?" त्यांना काही ते कळलं नाही.

तेजश्रीचे पैसे सोमवारीच सुटले होते. ती कऱ्हाडला गेली. नंतर दोन्याला कंपनीचा फोन गेला आणि बाकी भागवायला त्याला दोन म्हशी विकाव्या लागल्या. फोन उशिरा आला हा त्याला कंपनीचा ढिसाळपणा वाटला. गावात तो सगळ्यांना सांगत सुटला, एक्यानं चार दिवस दम धरला नाही, दुसऱ्याच दिवशी जाऊन कागद टाकले. कळेल तेव्हा कळेल, म्हणून सुरुवातीला मी गप्प राहिलो. नंतर वाटलं, आता सांगायचं म्हणजे केलेल्या गोष्टीचे पैसे मागायला गेल्यासारखं. आणि तो विश्वास तरी कशावर ठेवणार? 'उद्या सकाळीच देणार' असं मीच त्याला तोंडावर सांगून आलो होतो.

शालन महिनाभर माझ्याशी कामापुरती बोलायची. पुढे बोलायला लागली, पण उद्यमनगरातून जाताना ती त्या गाळ्याकडे बघायची नाही. मी पुढे गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक सेकंडहँड मशीन टाकलं, हळूहळू दोन झाली. बरं चाललंय. पण आण्णांचा तो गाळा आज कितीला आहे हे मला कुणी विचारू नये. मला ठाऊक आहे.

सात वर्षांनी तेजश्रीचं लग्न झालं. पत्रिका दोन्यानं दिली नाही, तिनं स्वतः फोन केला. "काका, काकूंना घेऊन या." शालन म्हणाली, "तुमी जावा." मग निघायच्या वेळी साडी बदलून आली.

अक्षता पडल्या, पंगत बसली. दोन्या फेटा बांधून पंगतीतून फिरत होता, ज्याला त्याला आग्रह करत. आमच्यापुढे आल्यावर थांबला. त्याच्या हातात जिलेबीचं ताट होतं. शेजारीपाजारी सगळी गावाकडची मंडळी.

"काय एक्या," तो मोठ्यानं म्हणाला, "आलास म्हणायचं! मंडळी, ह्यो आमचा एक्या. माझ्या पोरीचं कॉलेज बंद पाडायला निघालता. मी पाया पडायचा बाकी राहिलो, पर ह्यानं ऐकलं न्हाई. दुसऱ्या दिशी जाऊन कागद टाकलं. पर पोरीचं नशीब बघा, बँकेला पत्ताच लागला न्हाई! आज मिरजेत सोताचं क्लिनिक हाय तिचं." तो जरा वाकला. "आणि तुला तरी काय मिळालं रं त्यातनं? मशीन गेलंच न्हवं?"

आजूबाजूची माणसं हसली. माझा घास हातातच राहिला. मी दोन्याकडे बघितलं नाही, शालनकडे बघितलं. सात वर्षं हे सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. शुक्रवार की मंगळवार, हे त्या मांडवात माझ्याखेरीज तिलाच ठाऊक होतं. तिनं पदर सावरला. पलीकडे स्टेजवर तेजश्री नवऱ्याशेजारी उभी होती, कुणाच्या तरी पाया पडायला वाकत होती. शालन तिकडे बघत राहिली.

"व्हय भावजी," ती म्हणाली. "पोरीचं नशीबच लई मोठं. जिलेबी वाढा की ह्यास्नी, ताट मोकळं हाय."